कॅसिनोचा महसूल पणजीत, देणी आपल्या गावात

वाचकाचं पत्र : माझे यजमान बांधकाम साहित्याचं दुकान चालवतात. दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर मजा म्हणून पणजीच्या कॅसिनोत गेले. आता महिन्यातून तीन-चार वेळा जातात. पतसंस्थेचं कर्ज झालंय, माझ्या पाटल्या आणि हार सोनेतारणात आहेत, आणि गेल्या महिन्यात त्यांनी मला बचत गटातून चाळीस हजार उचलायला लावले. सासूबाई म्हणतात, बाहेर वाच्यता नको, रस्त्याकडेचे दहा गुंठे विकू आणि सगळं एकदाच फेडून टाकू. धाकटे दीर ग्रामसभेत बोलले, की गोव्यासारखा कॅसिनो आपल्याकडे झाला असता तर पैसा जिल्ह्यातच राहिला असता, पोरांना नोकऱ्या लागल्या असत्या. बऱ्याच जणांना ते पटलं. मला घर वाचवायचंय, आणि दिरांना काय उत्तर द्यावं तेही हवंय.
— एक भगिनी, सावंतवाडी तालुका

ताई,

तुमचे दोन प्रश्न एकाच वहीत सुटतील, म्हणून आधी वहीबद्दल सांगतो. पण त्याच्याही आधी एक गोष्ट. ते दहा गुंठे आत्ता विकू नका. सासूबाईंची तळमळ खरी आहे, पण जुगार शिरलेल्या घरात सगळ्यात जास्त नुकसान या एका निर्णयाने होतं. सगळं कर्ज एका दिवसात फिटलं की खेळणाऱ्याच्या डोक्यावरचा भार उतरतो, पतसंस्थेत आणि बाजारात त्याची पत पुन्हा उभी राहते, आणि खेळण्याची ओढ मात्र होती तशीच असते. मग पुन्हा उधार मिळू लागतं आणि नवं कर्ज निघतं. दुसऱ्या खेपेला विकायला गुंठे नसतात.

आता वही. शंभर पानी साधी वही घ्या आणि प्रत्येक देण्याला एक पान द्या. पानावर चार गोष्टी लिहा : कोणाचे, मूळ रक्कम किती, व्याज कसं, आणि सही कोणाची. चौथी सर्वांत महत्त्वाची. नवऱ्याने काढलेल्या कर्जाला बायको केवळ बायको आहे म्हणून जबाबदार ठरत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल, तरच ते तुमच्यावर येतं. त्यामुळे आजपासून कुठल्याही कागदावर सही नाही, ‘नुसती साक्षीदार म्हणून’ सांगितलं तरी नाही. तुमच्या खात्याचं चेकबुक स्वतःकडे ठेवा आणि सही केलेले कोरे धनादेश कोणाकडे गेलेत का ते यजमानांना स्पष्ट विचारा. तुमच्या खात्याचा धनादेश परत गेला तर नोटीस तुमच्या नावाने येईल, आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला पंधराच दिवस असतात.

बँका, फायनान्स कंपन्या आणि मोबाइलवरची नोंदणीकृत कर्जं शोधायला यजमानांचा पतअहवाल काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो त्यांच्याच मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने निघतो, म्हणून त्यांना शेजारी बसवूनच काढावा लागेल. चारही काढा, कारण एकात न दिसलेलं कर्ज दुसऱ्यात दिसतं. कुठल्याच अहवालात न दिसणारी देणी वेगळी मोजायला हवीत : हातउसने, भिशीची उचल, सिमेंट-लोखंडाच्या व्यापाऱ्यांची थकलेली उधारी, गिऱ्हाइकांकडून माल न देता घेतलेली आगाऊ रक्कम, दुकानातल्या गड्यांचे अडकलेले पगार, आणि खासगी सावकार. पहिल्यांदा विचाराल तेव्हा आकडा अर्धवटच येईल. तो खोटेपणा तुमच्याशी वैर म्हणून नसतो. लाज वाटते, आणि ‘दोन-तीन मोठ्या डावांत भरून काढू’ ही आशा अजून जिवंत असते. आठवड्याने पुन्हा विचारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या वेळचा आकडा बहुतेक खऱ्याच्या जवळ असतो.

सावकार असेल तर त्याच्या पानावर कागदाचा प्रकार लिहा. आपल्याकडे व्याजाच्या पैशांसाठी जमिनीचं साठेखत किंवा चक्क खरेदीखत करून घेण्याची चाल आहे. तलाठ्याकडून आजचा सातबारा आणि आठ-अ काढा, ‘इतर अधिकार’ या रकान्यात बोजा चढलाय का पाहा. फेरफाराची नोटीस निघाली असेल तर पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या हिस्सेदारांनीही द्यावी. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६०. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. अवैध सावकारीत जमीन गेल्याचं सिद्ध झालं तर ती परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार त्यांना आहे. खेळताना टेबलाजवळ कोणी उसने दिले असतील तर तो कागद वकिलाला जरूर दाखवा. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० खाली पैजेचा करार रद्दबातल असतो आणि त्यावर वसुलीचा दावा चालत नाही.

फेडायची पद्धत अशी ठेवा. पैसे यजमानांच्या हातून जाऊ नयेत, तुम्ही किंवा दिरांनी ज्यांचं देणं आहे त्यांच्या खात्यात थेट भरावेत, हप्त्याने. सर्वात आधी गड्यांचे पगार आणि तुमचा बचत गट, मग सोनेतारण, मग पतसंस्था, मग व्यापारी. पतसंस्थेला यजमानांच्या सहीचं पत्र द्या की नवीन कर्ज किंवा वाढीव मर्यादा देऊ नये. दुकानाच्या चालू खात्यावर दोघांची सही असल्याशिवाय पैसे निघणार नाहीत असा बदल करून घ्या. क्रेडिट कार्ड बंद, एटीएम आणि यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून दोन-तीन हजारांवर. हे सगळं त्यांच्या संमतीने व्हायला हवं. लपूनछपून केलं तर ते दुसरा मार्ग काढतात आणि तुमच्यावर चिडायला कारण मिळतं. कॅसिनोच्या सदस्य कार्डावर त्यांचा नंबर असणार. ‘या शनिवारी खोली फुकट, गाडी पाठवतो’ असे फोन तिथूनच येतात. कार्ड रद्द करा आणि पुन्हा प्रवेश देऊ नका, असं त्यांनी स्वतः लेखी कळवावं, ते नंबर अडवावेत आणि ज्या मित्रांबरोबर जाणं होतं त्यांनाही हे सांगावं.

तुमचे दागिने हे स्त्रीधन आहे. ते तुमच्या मर्जीविरुद्ध गहाण टाकणं, घरखर्चाचे पैसे तोडणं, हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळ धरला आहे. त्यासाठी लगेच कोर्टात जा असं आमचं म्हणणं नाही. पण बोलून काही होत नसेल, तर तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून दागिने आणि राहतं घर विकण्या-गहाण टाकण्यावर मनाई आणता येते. हा रस्ता आहे एवढं माहीत असलं तरी बोलताना आवाजात बळ येतं.

आता यजमानांबद्दल. ‘पुरुष माणूस आहे, खेळणारच’ आणि ‘चारित्र्य बिघडलं’ या दोन्ही गोष्टी चूक आहेत. जुगाराचं व्यसन हा निदान होणारा आजार आहे. मानसोपचारात त्याला २०१३ पासून दारू आणि अफूच्या शेजारी व्यसनांच्या गटात ठेवलंय. निदानाच्या नऊ खुणा आहेत : दिवसभर डोक्यात खेळ असणं, तीच मजा यायला दरवेळी मोठी रक्कम लागणं, थांबायचा प्रयत्न वारंवार फसणं, न खेळता चिडचिड होणं, मन खचलं की खेळायला जाणं, हरलेलं भरून काढायला दुसऱ्या दिवशी परत जाणं, खोटं बोलणं, धंदा किंवा नातं पणाला लावणं, आणि देणी भागवायला दुसऱ्यांकडे हात पसरणं. वर्षभरात यातल्या चार दिसल्या तर डॉक्टर गाठायचा. शेवटची खूण तर तुमच्या पत्रातच दिसते.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गोव्यात बांबोळीला मनोरुग्ण उपचारांची मोठी सरकारी संस्था आहे, तीही तुम्हाला लांब नाही. सुरुवात फोनवरून करायची तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. उपचाराचा गाभा म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचं समुपदेशन, साधारण आठ ते बारा आठवडे, आठवड्याला एक बैठक. काहींना नालट्रेक्सोनसारखं ओढ कमी करणारं औषध देतात, सोबत नैराश्य असेल तर त्याचं वेगळं. एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा : यजमान कंपवाताची प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोलसारखी गोळी, किंवा मनाच्या आजारासाठी अरिपिप्रॅझोल घेत असतील तर. या औषधांनी काही रुग्णांत जुगाराची ओढ नव्याने सुरू होते आणि मात्रा बदलल्यावर जाते. गोळी मनाने बंद मात्र करायची नाही.

आणि ही गोष्ट घाबरवायला लिहीत नाही, पण लिहायलाच हवी. कर्जाचा आकडा पहिल्यांदा घरात उघड होतो ती रात्र, आणि मोठी हार झाल्यानंतरचे दिवस, जिवाला जास्त धोका असू शकतो. या व्यसनात आत्महत्येचं प्रमाण फार आहे. वही उघडायला बसाल त्या दिवशी दीर घरी असू द्या. बागायतीची फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. ‘माझ्यानंतर तरी तुम्ही सुटाल’ अशा अर्थाचं काही बोलले, तर ते नाटक समजू नका. एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन करा, जिवाचं बरंवाईट करण्याची हालचाल दिसली तर ११२.

यजमान म्हणत असतील की एक पद्धत सापडलीय. बहुधा ती रुलेटच्या, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात, लाल किंवा काळ्यावर पैसे लावून हरलं की रक्कम दुप्पट करत जाण्याची असते. कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याबरोबर हा हिशेब करा. एक शून्य असलेल्या रुलेटच्या चाकावर ३७ घरं असतात, पण एका आकड्यावर जिंकलं तर पैसे ३५ पट मिळतात, म्हणजे चाक जणू ३६ घरांचंच आहे. हा फरक दर शंभर रुपयांमागे २ रुपये ७० पैसे. चाकावर दोन शून्यं असतील तर ५ रुपये २६ पैसे. पाचशेची पट्टी (एका फेरीला लावलेली रक्कम), तासाला चाळीस फेऱ्या, म्हणजे तासाला वीस हजार फिरले आणि सरासरी ५४० रुपये कॅसिनोकडे राहिले. कमी वाटतं ना? इथेच फसगत होते. आता दुप्पट करत जा : ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००. सहा वेळा ओळीने हरलं तर ३१,५०० गेले, आणि पाचशे जिंकायला सातवी पट्टी ३२,००० ची लावायची. कोणत्याही फेरीपासून ओळीने सहा हरण्याची शक्यता साधारण पंचावन्नात एक, आणि रात्रभरात दोनशे फेऱ्या सहज होतात. म्हणजे अशी माळ एखाद्या रात्री लागेल असं नाही, बहुतेक रात्री लागते. त्यात टेबलाला कमाल पट्टीची मर्यादा असते, सातवी-आठवी लावताच येत नाही. अंदर-बाहर या पत्त्यांच्या खेळातही तेच. ज्या बाजूला आधी पत्ता पडतो तिची शक्यता ५१.५ टक्के, म्हणून त्या बाजूला पैसे कमी दराने मिळतात. कुठल्याही टेबलावर आपली बाजू जड नसते. प्रवेशाच्या पैशांत जेवण, दारू आणि फक्त खेळण्यापुरत्या चिप्स येतात. त्या चिप्स खिडकीवर देऊन रोख मिळत नाही. माणूस जास्त वेळ बसावा म्हणून ही सगळी सोय. वेळ जितका जास्त, तितका तो २ रुपये ७० पैशांचा नियम पक्का होत जातो.

आता दिरांकडे येऊ. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे : कॅसिनोत पगार मिळतात, आणि सिंधुदुर्गातली मुलंही गोव्यात कामाला जातात. जाणारे बरेच लोक कधीतरीच जातात, थोडेफार पैसे घालवून परत येतात आणि विसरतात, हेही खरं. प्रश्न उरलेल्यांचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० च्या अहवालात अंदाज काढला होता, की तिथल्या जुगाराच्या यंत्रांवर होणाऱ्या खर्चातला सुमारे ४० टक्के वाटा अडचणीत आलेल्या खेळाडूंचा असतो. संख्येने ते फार थोडे. म्हणजे धंद्याचा मोठा आधार आजारी माणूस असतो. तो बरा झाला तर धंदा घटतो.

दिरांना आधी गोव्याचा कायदा सांगा. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि १९९६ साली पाण्यावरच्या जहाजांतल्या टेबलांना वाट करून दिली. त्याच गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. जिथे कॅसिनो आहेत तिथल्याच सरकारला आपली माणसं आत नकोत. मोनॅकोच्या नागरिकांना मोनॅकोच्या कॅसिनोत खेळता येत नाही. नेपाळच्या कॅसिनोत नेपाळी माणसाला बंदी, भारतीयांचं स्वागत. दक्षिण कोरियात सगळे कॅसिनो परदेशी लोकांसाठी, एक सोडून. तो एक, कांगवॉन लँड, २००० साली कोळसा खाणी बंद पडलेल्या डोंगराळ भागात रोजगारासाठी म्हणून काढला. तुमच्या दिरांचंच म्हणणं होतं ते. तिथे नोकऱ्या आल्या, आणि शेजारच्या गावात गाड्या-घड्याळं गहाण घेणाऱ्या दुकानांची रांगही आली. सरकारला महिन्यातून जास्तीत जास्त पंधरा दिवस प्रवेश अशी मर्यादा घालावी लागली, कॅसिनोलाच व्यसनाचं उपचार केंद्र चालवावं लागलं.

गोव्याच्या बंदीचा अर्थ आपल्यासाठी काय होतो, ते फारसं कोणी बोलत नाही. परवान्याचे पैसे आणि करातला राज्याचा वाटा पणजीत जमा होतो. खेळणारा सावंतवाडीचा, कोल्हापूरचा, बेळगावचा, पुण्याचा. तो घरी येऊन कर्ज काढतो, पतसंस्था त्याच्या गावची बुडते, उपचार त्याच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात होतात, पोलिसांत तक्रार त्याच्या तालुक्यात जाते. उत्पन्नाचा हिशेब दरवर्षी अर्थसंकल्पात छापून येतो. खर्चाचा हिशेब कुठल्याच कार्यालयात जमा होत नाही, कारण तो हजार घरांत तुकड्या-तुकड्याने पडलेला असतो. त्यातलं एक घर तुमचं आहे, आणि तुमची वही हा त्या खर्चाचा एक कागद आहे.

म्हणून दिरांना वाद घालण्याऐवजी वही दाखवा. अर्थात यजमानांना विचारून.

दीर म्हणतील, ‘हरलेला पैसा काही जळाला नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.’ अर्थशास्त्रातही हरलेल्या पैशाला समाजाचं नुकसान धरत नाहीत, ते हस्तांतर असतं. नुकसान म्हणजे त्याच्या भोवतीचं. दुकान बंद राहिलं ते दिवस, गड्याचा पगार अडकला म्हणून त्याच्या घरी लागलेली उधारी, सोन्याच्या लिलावात कमी भावाने गेलेले दागिने, कोर्टाची फी, डॉक्टर, मुलीची अर्धवट सुटलेली शिकवणी. एखाद्या पतसंस्थेच्या कारकुनाने खेळायला रोखपेटीत हात घातला तर शेकडो ठेवीदारांची झोप. तुमच्या वहीतलं बचत गटाचं पान काढा. गटातल्या दहा बायका एकमेकींना सांभाळून घेतील या भरवशावर बँक पैसे देते. तुमचा हप्ता चुकला तर बाकी नऊ जणींनी भरायचा, नाहीतर पुढचं कर्ज कुणालाच नाही. त्यातली कोणी कधी कॅसिनोची पायरी चढली नसेल. पण यजमानांच्या हरलेल्या पट्टीचं वजन त्या नऊ चुलींपर्यंत पोहोचलं आहे. सामाजिक किंमत हा शब्द पुस्तकी वाटतो, पण दिरांना या एका पानावरून तो कळेल.

नोकऱ्यांचा हिशेब असा मांडा. समजा पाचशे जणांना सरासरी पंचवीस हजार पगार, म्हणजे महिन्याला सव्वा कोटी. कर, परवाना, वीज, जेवणखाण, जाहिरात आणि मालकाचा नफा धरून कॅसिनोला पगाराच्या निदान चौपट तरी मिळायला हवं असं मानू, म्हणजे पाच कोटी. हे पाच कोटी खेळणाऱ्यांनी हरायलाच हवेत, दुसरं काही तिथे विकलं जात नाही. त्यातले निम्मे जरी शंभर किलोमीटरच्या आतले असले, तरी सव्वा कोटीचे पगार आणायला आसपासच्या घरांतून महिन्याला अडीच कोटी गेले. ते कुठल्या खर्चातून जातात? कपड्यांचं दुकान, हॉटेल, घराची दुरुस्ती, म्हणजे यजमानांच्याच धंद्यासारख्या धंद्यांतून. तिथल्या नोकऱ्या घटतात, पण त्या बातमीत येत नाहीत. बाहेरून येणाऱ्या लोकांवर कॅसिनो तगला तर जिल्ह्याचा फायदा दिसेल, हे कबूल करा, आणि मग विचारा की ती बाहेरची माणसं कोणत्या गावच्या बायकांची आहेत.

आणखी एक युक्तिवाद येईल : कायदेशीर केलं तर मटका बंद होईल. महाराष्ट्रात १९६९ पासून सरकारी लॉटरी आहे. मटका गेला नाही. उघड खेळाने नवा माणूस खेळाकडे येतो, आणि हरलेला माणूस उधारीवर आकडा लावायला जुन्या जागीच जातो. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, तरी यजमानांच्या फोनवर नजर असू द्या. कॅसिनो सुटला की काही जण बेकायदा ॲपकडे वळतात.

सिंगापूरचं उदाहरणही कोणीतरी देईल. २०१० साली तिथे दोन कॅसिनो उघडले आणि ते देशाने नीट सांभाळले, असं म्हणतात. सांभाळायला काय-काय केलं तेही सांगायला हवं. कॅसिनो उघडण्याच्या पाच वर्षं आधी व्यसनासाठी राष्ट्रीय परिषद नेमली. नागरिकाला आत जायला दिवसाचे शंभर डॉलर भरावे लागत, २०१९ पासून दीडशे, वर्षाचा पास तीन हजारांचा. आत एटीएम नाही. सामान्य नागरिकाला कॅसिनोने उधार द्यायचं नाही. आणि सगळ्यांत मोलाचं : बायको, आई-वडील, मुलं यांच्यापैकी कोणी परिषदेकडे अर्ज केला, तर सुनावणी होऊन त्या माणसाला प्रवेशबंदी होते. तुमच्या हातात आज असा एक अर्ज असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. एवढं सगळं उभं करूनही तिथे व्यसनाचे रुग्ण आहेतच. एवढं उभं न करता परवाने वाटणं म्हणजे फक्त महसूल घेणं.

परत फिरणंही सोपं नसतं. मांडवी नदीतली कॅसिनोची जहाजं पणजीच्या तोंडावरून हलवू असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळत गेली. कराची सवय सरकारलाही लागते. चिप्सवरचा जीएसटी २०२३ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के होता, २०२५ च्या सप्टेंबरपासून ४० टक्के झाला. प्रत्येक हरणाऱ्या माणसात सरकारचा एवढा वाटा असल्यावर त्याला थांबवण्याची घाई कोणाला असेल? महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कागदावर होता, तो कधी अंमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. आमच्या मते राज्याने अलीकडे घेतलेल्या शहाण्या निर्णयांपैकी तो एक आहे, आणि दिरांसारख्या तरुण माणसांना त्याचं कारण कोणी समजावून सांगितलं नाही, ही आपली सगळ्यांची कसूर.

दिरांना दुखवू नका. वही भरायला, पतसंस्थेत जायला, सुरुवातीचे महिने पैसे भरायला तुम्हाला त्यांचीच मदत लागणार आहे. ग्रामसभेत विषय पुन्हा काढायचा असेल तर सभेची नोटीस निघायच्या आधी ग्रामसेवकांकडे तो लेखी द्या. नियमित सभेच्या आधी महिलांची सभा व्हावी लागते, तिथे आधी बोला, कारण बचत गटातल्या बायका तिथेच असतात आणि हप्ता भरणं म्हणजे काय ते त्यांना समजावावं लागत नाही. यजमानांचं नाव घेण्याची गरज नाही. ठरावात दोन मागण्या पुरेत : गोव्याच्या कॅसिनोत घरच्यांच्या अर्जावर प्रवेशबंदीची सोय व्हावी यासाठी राज्याने गोवा सरकारशी बोलावं, आणि ओरोसच्या रुग्णालयात जुगाराच्या व्यसनासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा.

आज रात्री मात्र एकच काम करा. सोनेतारणाच्या पावत्या काढून मुदतीची तारीख बघा. मुदत संपत आली असेल तर व्याज भरून नूतनीकरण होतं का ते उद्या सकाळी शाखेत विचारा. लिलावाची नोटीस दुकानाच्या पत्त्यावर जात असेल, तर तुमचा पत्ता आणि मोबाइल नंबर तिथे नोंदवून घ्या.